दंडाची पावती

२०१९ च्या दिवाळीत भाचा सुरतेहून आला, तेव्हा काजूकतलीच्या डब्यासोबत त्याने पिशवीतून एक गुळगुळीत पुस्तिका काढली. वर निळं पाणी, नारळाची झाडं आणि मधोमध एक पासपोर्ट. म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर कागद वाचलेत. यात कुठं खोट आहे का तेवढं बघून द्या. आमचे शेठ घ्यायचं म्हणताहेत."

"काय घ्यायचं?"

"देश."

मी तळोद्याच्या तहसील कचेरीबाहेर १९८१ पासून बसतो. मुद्रांक विक्रेता आणि अर्जलेखक असं पाटीवर आहे. बाजाराला उतरलेली माणसं मला रायटरभाऊ म्हणतात. एक टेबल, दोन खुर्च्या, शाईचा पॅड, अंगठा पुसायला चिंधी. चांदसैली घाट उतरून धडगावकडची माणसं येतात, अक्कलकुव्याकडून येतात, कुणाच्या हातात काय कागद हवा हे त्यांना माहीत नसतं, एवढंच माहीत असतं की साहेबाने तो मागितला आहे. तेव्हा कुठला माणूस कुठला, हे कागदावर ठरवून देण्याचा धंदा मी चाळीस वर्षं केला. पण देश विकायला निघालेला कागद पहिल्यांदाच हातात आला होता.

पुस्तिका नीट वाचली. कॅरिबियन समुद्रातली पाच बेटं हा व्यवहार करतात: सेंट किट्स आणि नेविस, डॉमिनिका, अँटिग्वा, ग्रेनाडा, सेंट लुशिया. तिथेच जन्मलात, आईबाप तिथले असले, तिथल्या माणसाशी लग्न केलं, बरीच वर्षं तिथे राहिलात, तर नागरिक होता येतं. ते सगळीकडे असतंच. या बेटांवर आणखी एक वाट आहे. सरकारच्या निधीत ठरलेली रक्कम टाकायची, किंवा सरकारने मंजूर केलेल्या हॉटेल-बंगल्यात गुंतवायची. त्या वर्षी डॉमिनिकाचा भाव एकट्या माणसाला एक लाख डॉलर होता, सेंट किट्सचा दीड लाख. (२०२४ मध्ये या बेटांनी आपसात ठरवून खालचा भाव दोन लाखांवर नेला. आपल्याकडे कापसाला हमीभाव मिळवता येत नाही, त्यांनी पासपोर्टला मिळवला.)

"आणि राहायचं किती दिवस?" मी विचारलं.

"किट्सला? राहायचं कशाला, मामा? जायचीसुद्धा गरज नाही. अँटिग्वाला तेवढे पाच वर्षांत पाच दिवस."

या धंद्याचं मूळ शोधायला मला मजा आली, कारण ते उसात निघालं. सेंट किट्स १९८३ च्या सप्टेंबरात इंग्रजांपासून मोकळा झाला आणि १९८४ च्या नागरिकत्व कायद्यातच त्याने पैसे गुंतवणाऱ्याला नागरिक करून घेण्याची तरतूद घातली. जगातली ही असली सर्वांत जुनी योजना. पण वीस वर्षं ती बेताचीच चालली. साडेतीनशे वर्षं त्या बेटावर ऊस होता, आधी गुलामांनी कापलेला, मग मजुरांनी. २००५ मध्ये सरकारने तोट्यातला साखर उद्योग बंद केला. पुढच्या वर्षी ऊस सुटलेल्या लोकांना नवं काम देण्यासाठी एक प्रतिष्ठान काढलं आणि पासपोर्ट घेणाऱ्यांची देणगी त्यात जमा करायला सुरुवात केली. प्रतिष्ठानाच्या नावातच साखर होती. शहाद्याला पुरुषोत्तमनगरचा सातपुडा-तापी परिसर कारखाना आहे, त्याच्या गळिताच्या वासात आम्ही लहानाचे म्हातारे झालो. तो कारखाना बंद पडला असता तर आम्ही काय विकलं असतं, हा विचार मनात आलाच. त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या नंदुरबार शहराच्या निम्म्याहून कमी आहे. आमचा एकटा अक्राणी तालुका त्याच्या कितीतरी पट भरेल.

मग कागदांची यादी. जन्माचा दाखला. पैसा कुठून आला त्याचा पुरावा. आणि पोलिसांचा दाखला, की अर्जदाराच्या नावावर कुठलाही गुन्हा नाही.

इथे मला हसू आलं. भाच्याला कळेना. त्याला काय सांगणार, की मामाच्या टेबलावर चाळीस वर्षं नेमका उलटा कागद शोधला जातो. नावावर गुन्हा असेल तर माणूस इथला. नसेल तर बोलायची सोय नाही.

सातपुड्यात जंगल इंग्रजांनी ताब्यात घेतलं, राखीव केलं, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या जमीन खेडणारा भिल, पावरा एका दिवसात अतिक्रमणदार झाला. स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, शब्द तोच राहिला. वनखात्याचा नाकेदार येई, उभं पीक बघे, पीओआर लिही. पीओआर म्हणजे गुन्ह्याचा पहिला रिपोर्ट. मग वन कायद्यातल्या तडजोडीच्या कलमाखाली दंड घेऊन पावती फाडली जाई. दंड भरला की पुढचा हंगाम निघे. कोंबडी, तूप, महुडी वेगळी, तिची पावती नसते.

ही पावती लोक जपून का ठेवत, हे मला सुरुवातीला कळत नसे. अक्षर वाचता येत नाही, कागदावर आपल्याला चोर लिहिलंय, तरी तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आढ्याला खोचलेला. एका म्हाताऱ्या पावऱ्याने सांगितलं होतं, "रायटरभाऊ, सरकारनं आमचं नाव लिहिलेला घरात एवढाच कागद आहे."

त्याचं म्हणणं पुढे अक्षरशः खरं ठरलं. १९७८ च्या डिसेंबरात राज्य सरकारने ठराव काढला, की १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळात जे वनजमीन खेडत होते त्यांचं अतिक्रमण नियमित करायचं. पण खेडत होता हे दाखवायचं कशाने? सातबारा नाही, कारण जमीन वनखात्याची. अक्राणी-अक्कलकुव्यातली कित्येक गावं तर वनगावं, तिथे सातबारा या शब्दालाच जागा नव्हती. तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. त्यात नाव असलं तर बरं. नाहीतर दंडाची पावती. ज्याने नाकेदाराला चुकवलं, किंवा ज्याने दंड कोंबडीतच भागवला, त्याच्या हातात काही उरलं नाही. नाकेदाराने प्रामाणिकपणे पकडलेला माणूस नशीबवान. मी कचेरीबाहेर बसून हे पाहिलंय: दोन सख्खे भाऊ, एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकाकडे तीन पावत्या, दुसरा हात जोडून विचारतोय की आता मागच्या तारखेचा गुन्हा नोंदवून घेता येईल का.

धुळे आणि ठाणे जिल्ह्यांतल्या आदिवासींचं हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. (नंदुरबार तेव्हा धुळ्यातच, आमचा जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला.) प्रदीप प्रभू यांच्या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. कोर्टाने सांगितलं, की नुसत्या लेखी कागदावर अडून बसू नका, बाकीचा पुरावाही बघा. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्याच्या नियमांत हे नीट उतरलं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं. पुराव्यांत गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब चालतो, जुनी विहीर चालते, स्मशान चालतं, देवस्थान चालतं. आदिवासी नसलेल्या जंगलवासीला मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. भाच्याच्या पुस्तिकेतला 'जायचीसुद्धा गरज नाही' हा भाग वाचताना मला हे पंचाहत्तर आठवत होते.

त्या काळात मी किती जबाब लिहिले त्याची मोजदाद नाही. २००८ नंतरची दोन-तीन वर्षं टेबलावरून मान वर केली नाही. म्हातारा समोर बसायचा, मी विचारायचो, "आबा, ही जमीन तुम्ही कधीपासून बघताय?" तो सांगायचा, अमक्याच्या बापाने तमकं झाड तोडलं तेव्हापासून, वाघाने तमक्याची गाय मारली त्या सालापासून, मोठ्या दुष्काळाआधीपासून. दुष्काळ म्हटलं की मी १९७२ लिहायचो. वाघाला साल कुठून आणू? तरी लिहिलं, जसं सांगितलं तसं. वनहक्क समितीतल्या एका बाईसाहेबांनी नंतर मला विचारलं, हे वाघाचं तुम्ही घालता का. मी म्हणालो, नाही हो, तो आतला साक्षीदार आहे.

आणि तरीही सवय जात नाही. वडिलांच्या जबाबाला कायद्याने मान दिला, पण फाइलमध्ये दंडाची पावती दिसली की कारकुनाचा चेहरा खुलतो. सरकारला सरकारचंच अक्षर पटतं.

जुनं गॅझेटियर चाळताना यातलं काहीच नवं नाही हेही कळलं. १८२५ मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्ल एजन्सी काढली. डोंगरात लपलेल्या नाईकांना बोलावून मागचे गुन्हे माफ केले, जमीन दिली, बैल-नांगराला तगाई दिली, आउट्रम साहेबाने त्यांच्यातलीच पलटण उभी केली. म्हणजे रयत व्हायची वाट तेव्हाही गुन्ह्यातून जात होती. आधी गुन्हेगार म्हणून नाव लिहिलं जायचं, मग माफी, मग जमीन. ज्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं त्याला माफ तरी काय करणार?

जन्मतारखेचंही एक सांगतो. आमच्याकडच्या शाळेच्या दाखल्यांवर निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचा. गुरुजींनी पोर समोर उभं केलं, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला लावला, कान हाताला लागला तर सहा वर्षांचं, लिहा १ जून. या तारखेला कोणी गंभीरपणे घेतलं नव्हतं. मग सरदार सरोवर आलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात, सगळी अक्राणी-अक्कलकुव्यातली. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याप्रमाणे सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब, त्याला वेगळी जमीन. आता तो सज्ञान कधी झाला? कान कधी लागला त्यावर. गुरुजींच्या अंदाजावर कुणाला शेत मिळालं, कुणाचं गेलं. ज्या पोरांनी शाळाच पाहिली नाही त्यांचं वय ठरवायला डॉक्टरकडे नेत. घोषित आणि अघोषित, म्हणजे सरकारी यादीत विस्थापित म्हणून नाव असलेला आणि नसलेला, हे दोन शब्द तेव्हापासून नर्मदाकाठी असे रुळले, की माणसं स्वतःची ओळखच करून देत, 'मी अघोषित'. सातशे वर्षं नदीकाठी राहिलेल्या घराण्यातला माणूस, आणि अघोषित!

त्यातला कडू भाग आमच्या तळोद्यात घडला. बुडितातल्या लोकांना वसवायला १९९० मध्ये तळोद्याच्या जंगलातली २,७०० हेक्टर जमीन मोकळी केली. ती मोकळी नव्हती. त्यातली बरीचशी इथलेच आदिवासी खेडत होते, त्याच दंडाच्या पावत्या घेऊन. एका बाजूला विस्थापित, हातात सरकारचं वाटपपत्र. दुसऱ्या बाजूला अतिक्रमणदार, हातात सरकारचीच पावती. दोघेही भिल. एकमेकांचे सोयरे निघाले काही. मी दोन्हीकडचे अर्ज लिहिले, एकाच दिवशी, एकाच शाईने. त्याबद्दल मला कोणी बोललं नाही, पण मीच दोन दिवस कचेरीत गेलो नाही.

सीमेचंही तसंच. नवापूरचं रेल्वे स्टेशन पाहिलंत का? फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, एक गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. मध्ये एक बाक आहे, त्यावर रेघ ओढून अर्धा महाराष्ट्र, अर्धा गुजरात लिहिलंय. लोक त्यावर बसून फोटो काढतात. घोषणा चार भाषांत होते. गंमत वाटते. पण १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा त्या वेळच्या पश्चिम खानदेशातली नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली १५६ गावं गुजरातेत गेली. उच्छल, निझर हा मुलूख तो. रोटीबेटी काही थांबली नाही. उच्छलकडची मुलगी नवापूरकडे दिली, की तिच्या जातीच्या दाखल्यापायी माझ्या टेबलाशी दोन-दोन तास बसावं लागतं. जात बापाकडून सिद्ध होते आणि बाप दुसऱ्या राज्यात. पुरावा १९५० चा लागतो, आणि १९५० मध्ये दोन्ही गावं एकाच तालुक्यात. पोरगी जागची हलली ती पाच कोस. रेघच तिच्या घरावरून गेली.

रेघेपलीकडच्या देवमोगऱ्याला याहामोगी देवीच्या यात्रेला जाणारे मात्र रेघ विचारत नाहीत. सरळ जातात.

आता आधारबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर लोक म्हणतील आमच्या जिल्ह्याचा मान सांगितला नाही. देशातलं पहिलं आधार शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं, २९ सप्टेंबर २०१० ला, रंजना सोनवणे यांना. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. आमच्या भागात त्या वेळी वाटलं, चला, आता पावत्यांची कटकट गेली, बोटं आणि डोळे दिले की झालं. पुढे २०१६ चा आधार कायदा आला. त्याच्या नवव्या कलमात लिहिलंय, की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. टेंभलीच्या माणसांना हे कोणी वाचून दाखवलं असेल का, ठाऊक नाही. मी माझ्या टेबलावर मात्र रोज वाचून दाखवतो. माणूस आधार पुढे करतो, मी म्हणतो, "हे तू आहेस याला. तू इथला आहेस याला दुसरं काढ."

नर्मदाकाठच्या मणिबेलीचं तर सांगूच नये. महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांत अक्कलकुवा पहिला, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. पहिला नंबर, पण मतदान यंत्र बोटीने न्यावं लागतं, कारण रस्ता सरोवराखाली आहे.

त्याच कॅरिबियनमधल्या एका बेटाची दुसरी गोष्ट मला २०२५ च्या जुलैत टीव्हीवर दिसली. पंतप्रधान त्रिनिदादला गेले होते. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सहाव्या पिढीपर्यंत ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड देऊ, असं त्यांनी जाहीर केलं. ३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' जहाज तिथे लागलं, ऊस कापायला हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर घेऊन. आमच्या खानदेशातले त्यात नसावेत. कलकत्त्याच्या धक्क्यावरून अवध-बिहारची माणसं जास्त. पाच वर्षांचा करार, मग आणखी पाच वर्षं बेटावर काढायची, मग परतीचं भाडं. १८६९ पासून दहाबारा वर्षं सरकारने पर्याय दिला: परतीचा हक्क सोडा, त्याऐवजी जमीन घ्या, दहा एकरपर्यंत. हीसुद्धा कॅरिबियनचा नागरिक व्हायची एक वाट होती, फक्त तिची गुळगुळीत पुस्तिका कोणी छापली नाही.

आता त्यांचे पणतू-खापरपणतू भारताशी नातं सिद्ध करतात ते कशाने? कलकत्त्याला जहाजावर चढवताना कारकुनाने भरलेल्या एमिग्रेशन पासने. त्यात मजुराचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, ठाणं, उंची, आणि अंगावरची खूण. ज्या कागदाने माणसाला बांधलं, तोच आता त्याच्या वंशजांना मोकळा प्रवास देतो. मी टीव्ही बंद केला आणि बायकोला म्हणालो, ही तर आपलीच पावती. ती म्हणाली, "कसली? विजेची भरायची आहे."

भाच्याची पुस्तिका मी तीन दिवसांनी परत केली. म्हटलं, "खोट काही नाही. पण तुझ्या शेठला एक सांग. आपल्या घटनेचं नववं कलम आहे आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं, की इथलं गेलं. दोन्ही खिशात ठेवता येत नाहीत. पासपोर्ट परत करावा लागेल." भाचा म्हणाला, "शेठना ते माहीत आहे. अँटिग्वावाले चोक्सी तसेच गेले ना." हिरे व्यापारी मेहुल चोक्सींनी २०१७ मध्ये अँटिग्वाचं नागरिकत्व घेतल्याच्या बातम्या आदल्या वर्षी पेपरभर होत्या. मग भाच्याने विचारलं, की शेठच्या गावातल्या जन्माचं एक प्रतिज्ञापत्र करून लागेल, शंभराचा स्टॅम्प द्याल का. शेठचा जन्मदाखला सापडत नव्हता. दीड लाख डॉलर तयार, आणि माणूस जन्मला कुठे याचा कागद नाही! मी दिला. धंदा आहे. (आता तोच स्टॅम्प पाचशेचा झालाय.)

२०२२ च्या पावसाळ्यात धडगावकडची एक मुलगी आली. नर्सिंगला नंबर लागला होता, जातवैधता हवी होती, आणि १९५० च्या आधीचा काहीच पुरावा नव्हता. आजोबा शाळेत गेले नव्हते, पणजोबांचा प्रश्नच नाही. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, त्यांच्या पाड्याची पानंच नव्हती. तिने सोबत एक पत्र्याची डबी आणली होती, म्हणाली, यात काय आहे ते घरात कोणालाच वाचता येत नाही.

आत एक घडी पडून तुटायला आलेला कागद. अर्धा छापील, अर्धा मोडीत भरलेला. मोडी मी थोडीफार वाचतो, वडिलांनी शिकवली होती. दाखल करायला अधिकृत लिप्यंतर करून घ्यावं लागणार होतं, पण मला तेवढं दिसलं. साल १९४३. पश्चिम खानदेश. नाव, बापाचं नाव, पाडा. जात: भिल. गुन्हा: राखीव जंगलात परवानगीशिवाय नांगरट.

मी तिला वाचून दाखवलं. जातीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, पोरी, हे तुझं काम झालं. तिने मोबाइलने चार फोटो घेतले. मग कागद पुन्हा घडी करताना थांबली.

"रायटरभाऊ, दंड भरला होता का त्यांनी?"

मी कागद उलटा केला. मागे आडवी नोंद होती. भरला होता. सव्वा रुपया, रोख.